कागदावरचा खेळगडी : ॲलन ट्युरिंग

बुद्धिबळाला बसण्यापूर्वी देशी पद्धत की विलायती, हे पूर्वी ठरवून घ्यावे लागे. देशी डावात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके आणि राजाला घोड्याची चाल एकदा मिळे. शहापूर-मुरबाडकडच्या विद्यार्थी मित्रांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. माणसांचे हे दोन शब्दांत ठरते. यंत्राला मात्र प्रत्येक नियम उकलून सांगावा लागतो. ते काम प्रथम अंगावर घेणाऱ्यांत ॲलन ट्युरिंग हा इंग्रज गणितज्ञ होता.

त्याचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी नोकरीत. त्यामुळे आईवडील हिंदुस्थानात आणि मुले इंग्लंडात परक्यांच्या घरी, असे त्याचे बालपण गेले. केंब्रिजला असताना १९३६ साली त्याने, सूचना बदलल्या की कोणतीही आकडेमोड करू शकेल अशा यंत्राची कल्पना मांडली. महायुद्धात ब्लेचली पार्क येथे त्याने जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडले. तेथे बुद्धिबळातले नामांकित खेळाडू त्याचे सहकारी होते. तो स्वतः मात्र बेताचाच खेळे.

१९४८ साली डेव्हिड चँपरनाऊन या मित्रासह त्याने यंत्रासाठी खेळाचे नियमपत्रक रचायला घेतले. प्याद्याला १ गुण, घोड्याला ३, उंटाला साडेतीन, हत्तीला ५, वजिराला १०. किल्लेकोटाची संधी शिल्लक राहिली तर तिचाही गुण. पुढच्या चाली तपासून ज्या चालीची बेरीज सरस ती खेळायची. पण हे सारे पेलेल असे यंत्र तेव्हा नव्हते. म्हणून १९५२ साली ॲलिक ग्लेनी या सहकाऱ्यासमोर ट्युरिंग स्वतःच यंत्र होऊन बसला. एकेका चालीला अर्धा अर्धा तास आकडेमोड. आणि अधिक चांगली चाल समोर दिसली तरी कागद सांगेल तीच खेळायची! पुढे तो डाव तपासला तेव्हा काही चाली कागदाबरहुकूम पडल्या नव्हत्या असे आढळले. आकडेमोडीचा कंटाळा त्यालाही आला असावा. २९ चालींत कागद हरला.

मँचेस्टरच्या खऱ्या संगणकावर डीट्रिख प्रिंझने नोव्हेंबर १९५१ मध्येच दोन चालींत मात शोधून दाखवली होती. पण त्यासाठी त्याने किल्लेकोट गाळला आणि प्याद्याची दोन घरांची उडीही काढून टाकली. म्हणजे विलायती प्यादे आपल्या देशी चालीवर आले! पुढे १९८०नंतर घरगुती झेडएक्स ८१ संगणकाच्या अवघ्या १ किलोबाइट जागेत बुद्धिबळ बसवले गेले, त्यातही किल्लेकोट नव्हता. ट्युरिंगने कागदावर तो सोडला नव्हता. आपले नियमपत्रक यंत्रावर चढवायला त्याने सुरुवात केली होती. ते पुरे झाले नाही.

१९५२ सालीच समलिंगी संबंधांबद्दल त्याच्यावर खटला झाला. तुरुंग टाळण्यासाठी त्याला संप्रेरकांचे उपचार पत्करावे लागले आणि सरकारी गुप्त कामाची दारे बंद झाली. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या ४१व्या वर्षी, सायनाइडच्या विषाने त्याचा अंत झाला.

त्याचे नियमपत्रक २०१२ साली मँचेस्टर येथे संगणकावर चढवून गॅरी कास्पारोव्हसमोर बसवण्यात आले. १६ चालींत मात झाली. ट्युरिंगला राजमाफी मिळाली ती त्यानंतर, डिसेंबर २०१३ मध्ये.