कोर्दोबाचे काझी इब्न रुश्द
विद्यार्थी मित्रहो, अभ्याससहलीसाठी स्पेनला जाल तेव्हा कोर्दोबाच्या जुन्या तटाजवळील इब्न रुश्द यांचा पुतळा अवश्य पाहा. ११२६ साली याच शहरी काझींच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. तेही काझी झाले. वैद्यकावर त्यांनी ‘कुल्लियात’ लिहिले, ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांवर भाष्ये रचली. धर्म आणि बुद्धी यांत वैर नाही, असे ते मानीत. तरीही ११९५ मध्ये त्यांना लुसेना गावी हद्दपार व्हावे लागले. त्यांचे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळण्यात आले. पुढे खलिफाची मर्जी फिरली, पण ११९८ मध्ये मराकेश येथे ते पैगंबरवासी झाले. हिब्रू व लॅटिन भाषांतरांमुळे त्यांची भाष्ये युरोपच्या विद्यापीठांत शतकानुशतके अभ्यासली गेली. इल्म जपायचे तर ते शिकून पुढच्याला द्यावे लागते, हे ध्यानात ठेवा.