मूकपटातल्या सुलोचनाबाई

सुलोचना म्हटलं की मराठी सिनेमातल्या सुलोचनादीदी आठवतात. माझ्या आजीलाही त्याच आठवल्या. पण मी सांगते त्या वेगळ्या, त्यांच्या आधीच्या. त्यांचं खरं नाव रूबी मायर्स. त्यांचा जन्म १९०७ साली पुण्यात एका ज्यू कुटुंबात झाला.

मोठेपणी त्या टेलिफोन ऑपरेटर झाल्या. तेव्हा फोन उचलला की ऑपरेटरला नंबर सांगायचा, मग ती जोडून द्यायची. म्हणजे दिवसभर बोलायचं हीच नोकरी. मोहन भवनानी या दिग्दर्शकांनी त्यांना सिनेमात येता का असं विचारलं. आधी त्या नको म्हणाल्या. चांगल्या घरच्या बायकांनी सिनेमात जाऊ नये असं तेव्हा लोक मानायचे. त्याआधी तर बायकांची कामं पुरुषच लुगडं नेसून करत! शेवटी त्या तयार झाल्या आणि १९२५ साली त्यांचा 'वीर बाला' आला.

तेव्हाचे सगळे सिनेमे मूकपट होते. माणसं ओठ हलवतात पण आवाज नाही. मधूनमधून पडद्यावर अक्षरं येतात, ती वाचायची. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' या १९२७ च्या सिनेमात त्यांनी एकटीने आठ सोंगं केली. माळी झाल्या, पोलीस झाल्या, केळी विकणारी पण झाल्या. मला हेच सर्वांत आवडलं. त्यांना मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त पगार होता असं म्हणतात.

मग १९३१ साली 'आलम आरा' हा आपल्या देशातला पहिला बोलपट आला. तो इंपीरियल कंपनीने काढला. सुलोचनाबाई त्याच कंपनीत होत्या, पण नायिका झाल्या झुबेदा. सुलोचनाबाईंना हिंदुस्थानी भाषा नीट येत नव्हती. ज्या बाई टेलिफोनवर बोलून पगार घ्यायच्या, त्यांचं बोलणंच नडलं! त्यांनी वर्षभर काम थांबवलं आणि भाषा शिकल्या. एवढी मोठी नटी पुन्हा शिकायला बसली. आम्ही तांड्यावर राहतो, घरी गोरमाटी बोलतो. पहिलीत मी गुरुजींना नुसती मान हलवून उत्तर द्यायची. माझा पण मूकपटच होता. म्हणून मला हे लगेच कळलं.

१९३२ साली त्यांचा 'माधुरी' बोलपट आला. हाच सिनेमा त्यांनी आधी मुक्याने केला होता. 'अनारकली' तर त्यांनी तीन वेळा केला. १९२८ साली मुकी अनारकली, १९३५ साली बोलणारी अनारकली, आणि १९५३ साली सलीमची आई.

पुढे त्यांना लहान लहान कामंच मिळत गेली, पण ती त्यांनी केली. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १० ऑक्टोबर १९८३ रोजी त्या मुंबईत वारल्या. त्या काळचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत, त्यामुळे ती आठ सोंगं आता कुणाला बघता येत नाहीत.

इयत्ता ४ थी