बंदुकीला दचकणारा डॉन

'द सिम्पसन्स'मधला चीफ विगम आठवतोय? तोच तो, नाकातून बोलणारा गोलमटोल पोलिस. त्याचा आवाज ज्याच्या बोलण्यावरून घेतलाय, तो माणूस मात्र पडद्यावर गाजला तो डॉन म्हणून. नाव एडवर्ड जी. रॉबिन्सन. १९३१च्या 'लिटल सीझर' या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमाने त्याला स्टार केलं. गंमत म्हणजे या डॉनला बंदुकीचा बार झाला की डोळे उघडे ठेवता यायचे नाहीत. शेवटी दिग्दर्शक मर्विन लरॉयने त्याच्या पापण्यांना म्हणे चिकटपट्टी लावली!

त्याचं खरं नाव इमॅन्युएल गोल्डनबर्ग. जन्म १२ डिसेंबर १८९३, रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये, एका ज्यू कुटुंबात. तिथे ज्यूंना होणारा जाच वाढला, तशी घरच्यांनी अमेरिकेची वाट धरली. १९०४मध्ये न्यूयॉर्कला उतरलेला हा दहा वर्षांचा पोरगा घरात यिडिश बोलायचा. इंग्रजी तो पुढे शिकला आणि त्याच भाषेच्या जोरावर नट झाला. अभिनयाच्या शाळेत नाव बदलायचा सल्ला मिळाला. त्याने बदललं, पण मधला 'जी' सोडला नाही. तो गोल्डनबर्गचा 'जी'.

१९१५पासून तो ब्रॉडवेवर नाटकं करत होता. बुटका, रुंद तोंडाचा, हिरो म्हणून कुणी उभं करणार नाही असा. पण १९२७नंतर सिनेमा बोलायला लागला आणि चेहऱ्याइतकाच आवाजही महत्त्वाचा झाला. रॉबिन्सनचा आवाज तर असा, की वाक्य संपायच्या आत समोरचा गप्प व्हावा.

'लिटल सीझर'मधला रिको हा पेट्रोल पंप लुटणारा भुरटा चोर. त्याला पैशापेक्षाही हवं असतं ते नाव. तो मोठ्या शहरात येतो, टोळीत शिरतो आणि एकेकाला बाजूला सारत वर चढतो. चांगला सूट, सिगार, अंगठी. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती, त्यामुळे चोरट्या दारूवर टोळ्या गब्बर झालेल्या. त्यात १९२९ला शेअर बाजार कोसळला आणि माणसं बेकार झाली. अशा वेळी, खालून आलेला एक माणूस कुणाची परवानगी न मागता वर जातोय, हे बघायला लोक थिएटरात गर्दी करत होते. रिको वाईट आहे हे त्यांना कळत होतं. तरी शेवटी गोळ्या खाऊन तो पडतो, तेव्हा हळहळही वाटतेच. कारण त्याला भोवते ती त्याच्यातली माणुसकी. जुना मित्र जो समोर असतो, बंदूक हातात असते आणि रिकोला गोळी झाडवत नाही. तिथून त्याची घसरण सुरू होते. वर चढणं आणि मग कोसळणं, हा आलेख पुढच्या कितीतरी गँगस्टरपटांनी गिरवला.

खऱ्या आयुष्यात रॉबिन्सनला नाद होता तो चित्रांचा. सिनेमातून आलेला पैसा त्याने सेझानसारख्यांच्या चित्रांवर घातला. हिटलरविरोधी कामासाठीही तो सढळ हाताने देणग्या द्यायचा. १९३९मध्ये त्याने 'कन्फेशन्स ऑफ अ नाझी स्पाय' केला. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती.

या देणग्याच पुढे त्याच्या अंगाशी आल्या. युद्धानंतर अमेरिकेत कम्युनिस्टांची शोधाशोध सुरू झाली. त्याने मदत केलेल्या काही संस्था कम्युनिस्टांच्या असल्याचा ठपका आला आणि बड्या सिनेमांची कामं आटली. १९५० ते १९५२ या काळात तो संसदीय चौकशी समितीपुढे तीनदा गेला. आपण कम्युनिस्ट नाही हे सांगितलं आणि शेवटी, आपल्याला वापरून घेतलं गेलं, अशी जाहीर कबुलीही दिली. पडद्यावरचा रिको कुणापुढेच वाकला नसता. रॉबिन्सन वाकला. पण रिकोसाठी कुणीतरी संवाद लिहून ठेवले होते, इथे पणाला लागलं होतं ते अख्खं करिअर. आज घरबसल्या त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे.

त्याला पुन्हा मोठ्या सिनेमात घेतलं ते सेसिल बी. डीमिल या कट्टर कम्युनिस्टविरोधी दिग्दर्शकाने. सिनेमा होता १९५६चा 'द टेन कमांडमेंट्स'. त्याच वर्षी घटस्फोट झाला आणि वाटणीसाठी जिवापाड जपलेला चित्रांचा संग्रह विकावा लागला. तीस लाख डॉलरहून जास्त किंमत आली. पण भिंती रिकाम्या झाल्या. त्याने पुन्हा चित्रं जमवायला सुरुवात केली.

त्याचा शेवटचा सिनेमा 'सॉयलेंट ग्रीन'. त्यात तो शांतपणे मरण पत्करणारा म्हातारा झालाय, आणि शूटिंगच्या वेळी कॅन्सरने तो स्वतःच शेवटाला आला होता. २६ जानेवारी १९७३ला तो गेला. आयुष्यभरात एकदाही ऑस्करचं नामांकन न मिळालेल्या या नटाला मार्चमध्ये मानद ऑस्कर दिलं गेलं. ते घ्यायला स्टेजवर आली त्याची पत्नी जेन.

'लिटल सीझर' जेमतेम ऐंशी मिनिटांचा आहे. एखाद्या वीकेंडला बघून टाका. गोळीबार सुरू झाला की जरा त्याच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवा.