पंडित रामप्रसाद बिस्मिल आणि लखनौचा खटला

लखनौत नव्याने बदलून आलेल्या मराठी माणसाला हजरतगंज दाखवताना आपण पोस्टाच्या मुख्य कार्यालयाची भव्य इमारत हटकून दाखवतो. घरी पैसे पाठवावयाचे असोत वा दिवाळीचा फराळ पार्सलने धाडावयाचा असो, आपल्यापैकी बहुतेकांचे पाय त्या पायऱ्यांना लागलेले आहेत. मात्र त्याच जागी पूर्वी रिंग थिएटर नावाचे करमणुकीचे सभागृह होते आणि काकोरी कटाचा खटला तेथे चालला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या खटल्यातील प्रमुख आरोपी पंडित रामप्रसाद बिस्मिल हे हुतात्मा म्हणून सर्वांना परिचित आहेत. परंतु फाशीच्या दोराआधी दीड वर्षाहून अधिक काळ ते कायद्याच्या एकेका पायरीवर कसे उभे राहिले, ती हकीकत तितकीशी सांगितली जात नाही. फौजदारी खटला म्हणजे काय, त्याचे बळ कशात आणि उणीव कशात, हे समजून घेण्यास त्या हकीकतीसारखे दुसरे साधन नाही.

रामप्रसादांचा जन्म 11 जून 1897 रोजी शाहजहाँपूर येथे झाला. घराणे मूळचे ग्वाल्हेर संस्थानातील चंबळकाठचे. आजोबा कौटुंबिक कलहाला कंटाळून शाहजहाँपुरास आले. वडील मुरलीधर यांनी काही काळ नगरपालिकेत नोकरी केली आणि पुढे कचेरीच्या आवारात सरकारी स्टॅम्प विकण्याचा व्यवसाय धरला. आई मूलमती लग्नानंतर शेजारणींकडून अक्षरे गिरवून वाचावयास शिकली. मुलाच्या मनाची घडण तिनेच केली. बालपणी काही वाईट सवयी लागलेला हा मुलगा आर्यसमाजाच्या सहवासात आला आणि त्याचे जीवन पालटले. पहाटेचा व्यायाम, संध्या, ब्रह्मचर्य आणि वाचन हा त्यांचा नेम झाला. 1915 साली लाहोर कटाच्या खटल्यात भाई परमानंदांना फाशीची शिक्षा झाल्याचे वृत्त त्यांनी वाचले. पुढे ती शिक्षा जन्मठेपेवर आली, पण अठरा वर्षांच्या रामप्रसादांनी त्या दिवशी केलेला निश्चय ढळला नाही. न्यायालयाचा एक निकाल त्यांना क्रांतीच्या मार्गावर घेऊन गेला आणि दुसऱ्या निकालाने तो मार्ग संपला.

आपल्या लखनौशी आणि महाराष्ट्राशी त्यांचा पहिला संबंध जडला तो 1916 च्या डिसेंबरात. त्या वर्षीचे काँग्रेस अधिवेशन येथे भरले आणि मंडालेहून सुटून आलेले लोकमान्य टिळक त्यास उपस्थित राहिले. स्वागतसमितीतील नेमस्त मंडळींना टिळकांची मोठी मिरवणूक नको होती. स्टेशनावरून त्यांना मोटारीने शांतपणे नेण्याचा बेत होता. तरुणांना हे रुचले नाही. रामप्रसाद आणि आणखी एक विद्यार्थी मोटारीपुढे आडवे झाले. अखेर घोडागाडी आणविली गेली, घोडे सोडण्यात आले आणि विद्यार्थ्यांनी ती गाडी स्वतः ओढून लोकमान्यांना शहरातून नेले. त्या अधिवेशनाच्या स्वागतसमितीचे अध्यक्ष होते लखनौचे नामांकित वकील पंडित जगत नारायण मुल्ला. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

पुढील काही वर्षे धकाधकीची गेली. आईकडून पैसे घेऊन रामप्रसादांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्यावर पुस्तक छापले. ते सरकारने जप्त केले. 1918 च्या मैनपुरी कटाच्या प्रकरणात त्यांचे नाव आले तेव्हा ते भूमिगत झाले. 1920 साली राजकीय आरोपींना माफी जाहीर झाल्यावर ते घरी परतले आणि काही काळ रेशमी कापडाच्या धंद्यात रमले. असहकाराची चळवळ 1922 साली थांबविली गेली आणि निराश झालेले तरुण पुन्हा गुप्त संघटनेकडे वळले. 1924 साली हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशन उभी राहिली. संयुक्त प्रांतातील तिच्या कार्याची मोठी जबाबदारी रामप्रसादांकडे होती. संघटनेला पैसा लागे. आपल्याच देशबांधवांच्या घरांवर दरोडे घालण्यात रामप्रसादांचे मन रमेना. तेव्हा सरकारी पैसाच लुटावा असे ठरले.

9 ऑगस्ट 1925 च्या संध्याकाळी सहारनपूरहून लखनौकडे येणारी 8 डाउन पॅसेंजर गाडी काकोरीजवळ साखळी ओढून थांबविण्यात आली. गाडीवर दहा तरुण होते. त्यांत रामप्रसाद, अशफाक उल्ला खाँ, राजेंद्रनाथ लाहिडी आणि चंद्रशेखर आझाद हे होते. गार्डाच्या डब्यातील तिजोरी फोडून पैसा नेला गेला. प्रवाशांना इजा करावयाची नाही असे ठरले होते. तरीही सुटलेल्या एका गोळीने अहमद अली नावाचा प्रवासी ठार झाला. या एका मृत्यूने खटल्याचे सारे स्वरूप बदलले. स्वातंत्र्यलढ्याचे वर्णन करताना या निरपराध प्रवाशाचे नाव गाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

तपास गुप्तचर खात्याकडे गेला आणि 26 सप्टेंबर 1925 रोजी संयुक्त प्रांतात ठिकठिकाणी एकाच वेळी धरपकड झाली. रामप्रसाद शाहजहाँपुरास पकडले गेले. तेथील पहाऱ्यात ढिलाई होती आणि पळून जाणे शक्य होते. परंतु आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या शिपायाचा संसार उद्ध्वस्त होईल, या विचाराने त्यांनी तो मोह आवरला. पुढे लखनौच्या तुरुंगात असतानाही निवृत्तीस टेकलेल्या वृद्ध जेलरची अब्रू जाईल म्हणून त्यांनी सुटकेचा विचार बाजूस सारला. शस्त्र हाती घेणाऱ्या या पुरुषाचा हा दुसरा पैलू आहे.

आता खटल्याकडे वळू. आपल्याकडील फौजदारी कायद्याचे एक मूलतत्त्व असे की, पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. तो दंडाधिकाऱ्यापुढे, स्वेच्छेने दिलेला असावा लागतो. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातील ही तरतूद आरोपीचे संरक्षण करणारी होती. गुप्त कटात मात्र बाहेरचा साक्षीदार सहसा नसतो. अशा वेळी सरकार आरोपींपैकीच एखाद्याला, सर्व खरे सांगण्याच्या अटीवर, माफी देऊन साक्षीदार करते. काकोरीत असे दोन माफीचे साक्षीदार झाले. त्यांतील बनारसीलाल हा रामप्रसादांचा व्यवहारातील जुना सहकारी होता. कायदा अशा साक्षीदाराकडे साशंकतेने पाहतो. महत्त्वाच्या बाबींत स्वतंत्र दुजोरा मिळाल्याखेरीज त्याच्या शब्दावर विसंबू नये, असा न्यायालयांचा संकेत आहे. म्हणून सरकार पक्षाने ओळख परेड, हस्ताक्षरे, पत्रे आणि जप्त वस्तू यांचा मोठा डोंगर उभा केला. रामप्रसादांच्या मनाला सर्वांत अधिक लागले ते आपल्याच माणसांचे फिरणे. शिक्षेची भीती त्या मानाने त्यांना थोडी वाटली.

त्या काळी गंभीर गुन्ह्याचा खटला दोन टप्प्यांत चाले. प्रथम दंडाधिकारी साक्षी नोंदवून, प्रथमदर्शनी पुरावा आहे की नाही ते पाही. पुरावा नसलेल्यांना सोडून देई आणि उरलेल्यांना सत्र न्यायालयाकडे सोपवी. काकोरीतही पकडलेल्यांपैकी काहीजण याप्रमाणे सुटले. 1926 साली उरलेल्यांचा खटला विशेष सत्र न्यायाधीश हॅमिल्टन यांच्यापुढे उभा राहिला. सत्र न्यायालयात असेसर म्हणून काही नागरिक बसत. ते मत देत, पण न्यायाधीशावर ते बंधनकारक नसे. 1908 साली मुंबईत लोकमान्यांना निदान ज्यूरीपुढे उभे राहावयास मिळाले होते आणि त्यातील दोघांनी त्यांना निर्दोष ठरविले होते. काकोरीच्या आरोपींना तितकेही लाभले नाही.

सरकारतर्फे उभे राहिले तेच पंडित जगत नारायण मुल्ला. दहा वर्षांपूर्वी ज्या स्वागतसमितीचा बेत रामप्रसादांनी हाणून पाडला होता, तिचे अध्यक्ष आता त्यांच्याविरुद्ध पुरावा मांडीत होते. वकिलाने घेतलेले काम चोख करावे हा त्या व्यवसायाचा धर्मच आहे. तथापि लखनौकरांना ही गोष्ट फार झोंबली. बचावासाठी गोविंद वल्लभ पंत, मोहनलाल सक्सेना, चंद्रभानू गुप्त यांसारखे वकील पुढे आले. पंतांच्या घराण्याचे मूळ महाराष्ट्रात होते, असे परंपरेने सांगितले जाते. पंत आणि गुप्त हे दोघेही पुढे या प्रांताचे मुख्यमंत्री झाले.

आरोप तीन प्रकारचे होते. सम्राटाविरुद्ध युद्धाचा कट, गुन्हेगारी कट आणि भारतीय दंडसंहितेच्या 396 व्या कलमाखाली खुनासह दरोडा. या शेवटच्या कलमाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पाच किंवा अधिक माणसे मिळून दरोडा घालीत असता त्यांतील एकाने जरी खून केला, तरी सर्वांना देहान्ताची शिक्षा देता येते. गोळी कोणी झाडली हे सिद्ध करण्याची गरज उरत नाही. अहमद अलीवरील गोळी रामप्रसादांच्या हातची नव्हती. तरीही कायद्याच्या दृष्टीने तो प्रश्न गौण ठरला. ठाकूर रोशनसिंग तर काकोरीच्या गाडीवर नव्हतेच. बमरौली येथील आधीच्या दरोड्यात एक मनुष्य मारला गेला होता, त्याचा दोष त्यांच्या माथी आला. कलम शब्दशः लावले गेले. पण प्रत्येकाचा वाटा किती, हे तोलून शिक्षा ठरविणे न्यायाधीशाच्या हाती होते आणि दया दाखविण्याची जागा तीच होती.

6 एप्रिल 1927 रोजी निकाल लागला. रामप्रसाद, राजेंद्रनाथ लाहिडी आणि रोशनसिंग यांना फाशी झाली. शचींद्रनाथ सान्याल यांना जन्मठेप काळे पाणी झाले, तर इतरांना वेगवेगळ्या मुदतीच्या सक्तमजुरीच्या शिक्षा झाल्या. मागाहून पकडल्या गेलेल्या अशफाक उल्लांनाही पुरवणी खटल्यात फाशी सुनावली गेली. दहा वर्षांची शिक्षा झालेल्यांत एक आपले होते. बुलढाणा जिल्ह्यातील चिखली येथे जन्मलेले रामकृष्ण खत्री. मराठी येत असल्याने महाराष्ट्रात संघटना वाढविण्याचे काम त्यांच्याकडे होते. सुटल्यानंतर त्यांनी लखनौलाच आपले घर केले आणि 1996 साली ते येथेच निवर्तले. हुतात्म्यांच्या आठवणी त्यांनी आयुष्यभर जतन केल्या.

देहान्ताच्या शिक्षेवर वरिष्ठ न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हावे लागते. ही तरतूद तेव्हाही होती आणि आजही आहे. 1925 साली स्थापन झालेल्या अवध चीफ कोर्टात सर लुई स्टुअर्ट आणि महंमद रझा यांच्यापुढे अपिलाची सुनावणी झाली. सरकारी खर्चाने दिलेला वकील रामप्रसादांनी नाकारला आणि आपला युक्तिवाद स्वतः लिहून सादर केला. कचेरीत स्टॅम्प विकणाऱ्या माणसाचा हा मुलगा, पदवी नाही, सनद नाही, आणि कलमांचा अर्थ लावीत न्यायाधीशांपुढे उभा राहिला. आपल्या बचावासाठी स्वतः बोलणाऱ्या लोकमान्यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. परंतु 22 ऑगस्ट 1927 रोजी फाशीच्या शिक्षा कायम झाल्या. उलट, काही सहकाऱ्यांच्या शिक्षा वाढविण्यात आल्या. कायदेमंडळातील सभासदांनी रदबदली केली, पंडित मदनमोहन मालवीयांनी व्हाइसरॉयकडे प्रयत्न केले, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचे दारही ठोठावले गेले. कोठेच यश आले नाही.

गोरखपूरच्या तुरुंगातील कोठडीत रामप्रसादांनी आत्मचरित्र लिहिले आणि ते गुपचूप बाहेर पाठविले. गणेश शंकर विद्यार्थी यांच्या कानपूरच्या प्रताप प्रेसने ते 1928 साली प्रसिद्ध केले. त्यात आईविषयी अपार कृतज्ञता आहे आणि अशफाकच्या मैत्रीचा अभिमान आहे. तरुणांनी पिस्तुलाचा नाद सोडून खेड्यापाड्यांतील अशिक्षित जनतेत काम करावे, हिंदू आणि मुसलमान यांनी एक होऊन राहावे, असा उपदेशही त्यात आहे. मृत्यू समोर असताना स्वतःच्या मार्गाचे इतके निर्भय परीक्षण करणारा मनुष्य विरळा. फाशीच्या आदल्या दिवशी आई भेटावयास आली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आईने धीर सोडला नाही. 19 डिसेंबर 1927 रोजी सकाळी गोरखपूर येथे ते फासावर चढले. त्याच दिवशी अशफाक फैजाबादेस आणि रोशनसिंग अलाहाबादच्या तुरुंगात गेले. लाहिडी दोन दिवस आधीच गोंड्यास गेले होते. रामप्रसादांचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

या खटल्याकडे आज पाहताना दोन गोष्टी मनात येतात. कागदावर कायद्याची एकही पायरी वगळलेली दिसत नाही. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या, वकील होते, अपील होते. तरीही फिर्यादी सरकार, तपास करणारे सरकार, माफी देणारे सरकार आणि शेवटी दयेचा अर्ज फेटाळणारेही तेच सरकार, जे आपल्या सत्तेला आव्हान मिळाल्याने संतप्त झालेले होते. त्या सत्तेला जाब विचारणारी संस्था देशात नव्हती. दुसरी गोष्ट अशी की, त्या पायऱ्यांचे मोलही येथेच कळते. पुराव्याअभावी काहीजण सुटले ते या पायऱ्यांमुळेच. स्वतंत्र भारताने त्या मोडल्या नाहीत, त्यांना संविधानाचा आधार दिला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे, गरिबाला शासनाच्या खर्चाने कायद्याचे साहाय्य आहे. असेसरांची पद्धत 1955 साली गेली आणि 1 जुलै 2024 पासून दंडसंहितेच्या जागी न्याय संहिता आली. खुनासह दरोड्याचे कलम मात्र नव्या क्रमांकाने कायम आहे.

आपण नोकरीव्यवसायानिमित्त या नगरीत आलो आणि येथलेच झालो. मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हिशेब मांडताना, ज्या भूमीने आपल्याला सामावून घेतले तिचा इतिहासही आपल्या मुलाबाळांना ठाऊक असला पाहिजे. न्यायालयाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. रामप्रसाद बिस्मिल ती पायरी चढले, शेवटपर्यंत चढले, आणि ती पुढील पिढ्यांसाठी अधिक न्याय्य करण्याचे काम आपल्या हाती ठेवून गेले. त्यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.