भिंतीवरची गिटार

मैत्रिणींनो, महिला मंडळात कुणाला गाण्याचा आग्रह केला की हमखास एकच उत्तर येतं. लग्नाआधी गात होते, आता कसलं जमतंय! असं ऐकलं की मला अमेरिकेतल्या एलिझाबेथ कॉटनची आठवण येते.

एलिझाबेथचा जन्म १८९३ सालचा, नॉर्थ कॅरोलायना राज्यातला. तिथली कृष्णवर्णीयांची गुलामगिरी कायद्याने संपून तीस वर्षंही झाली नव्हती. या समाजाने आपलं सुखदुःख ज्या गाण्यांत ओतलं, त्यांना ब्लूज म्हणतात. आपल्या आज्या जात्यावर ओव्या गाऊन मन मोकळं करायच्या, तसंच काहीसं.

भाऊ कामावर गेला की ही पोर त्याचा बॅन्जो गुपचूप वाजवायची. ती डावखुरी आणि वाद्य उजव्या हाताचं. शिकवणारं कुणी नाही. मग तिने ते सरळ उलटं धरलं! इतरांचा अंगठा जे काम करतो ते तिची बोटं करू लागली आणि बोटांचं काम अंगठा. पुढे या पद्धतीला तिचंच नाव मिळालं. शाळा लवकर सुटली, लोकांच्या घरी कामाला जाणं सुरू झालं. पगार महिन्याला पाऊण डॉलर. त्यातून पैसे साठवून तिने पावणेचार डॉलरची गिटार घेतली. घराजवळून मालगाडी जायची. तिच्यावर तिने ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणं रचलं, तेव्हा ती जेमतेम अकरा-बारा वर्षांची होती.

१९१० साली लग्न झालं. पाठोपाठ मुलगी. चर्चमधल्या मंडळींनी असली गाणी सोडून दे म्हणून सांगितलं. संसार आणि कामाच्या रगाड्यात गिटार सुटली ती सुटलीच. कालांतराने घटस्फोट झाला आणि ती लेकीकडे वॉशिंग्टनला आली.

तिथे एका मोठ्या दुकानात ती नोकरीला होती. एक दिवस गर्दीत हरवलेली छोटी मुलगी तिला दिसली. तिने तिला आईकडे पोचवलं. ती आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. या ओळखीतून एलिझाबेथ सीगरांच्या घरी घरकामाला लागली. मुलं तिला लाडाने लिब्बा म्हणू लागली. त्या घरात भिंतीवर गिटार टांगलेली असायची. एकदा लिब्बाने ती काढली आणि वाजवली. मुलं थक्कच झाली! आपली कामवाली बाई असं वाजवते हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

त्या घरातल्या माइकने तिची गाणी ध्वनिमुद्रित केली. १९५८ साली पहिली रेकॉर्ड निघाली. १९६० मध्ये, वयाच्या सदुसष्टीत, तिने पहिली जाहीर मैफल केली.

पण त्याआधीच एक अन्याय घडून गेला होता. दुकानात हरवलेली ती मुलगी, पेगी, मोठी होऊन इंग्लंडला गेली आणि तिथे ‘फ्रेट ट्रेन’ गाऊ लागली. गाणं ऐकून दुसऱ्यांनीच ते स्वतःच्या नावावर करून घेतलं. १९५७ साली ते तिकडे तुफान गाजलं आणि खरी धनीण मात्र घरकाम करून पोट भरत होती. सीगर कुटुंब तिच्या पाठीशी उभं राहिलं. खटपटीनंतर गाण्यावर तिचं नाव लागलं, तरी ते इतरांच्या जोडीने.

लिब्बा मात्र कडवट झाली नाही. ‘शेक शुगरी’ या तिच्या गाण्यात तर पतवंडांनी कडवी जोडली. नव्वदी ओलांडल्यावर, १९८५ मध्ये तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २९ जून १९८७ रोजी ती गेली. तिच्या कॅरबोरो गावात आज रेल्वे रुळांच्या कडेने जाणाऱ्या सायकलरस्त्याला तिचं नाव आहे. मालगाडीचं गाणं रचणाऱ्या मुलीला यापरतं स्मारक कोणतं?

तर मैत्रिणींनो, मंडळात पुढच्या वेळी आग्रह झाला तर जरूर गा. आणि आणखी एक. स्वतः रचलेल्या गाण्याखाली, कवितेखाली, विणलेल्या नमुन्याखाली आपलं नाव लिहायला लाजू नका. आपण नाही लिहिलं, तर दुसरं कुणीतरी स्वतःचं लिहितं.