स्काऊटचे जनक बेडन-पॉवेल आणि खरी कमाई

इ.स. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउन्सी बेटावर सुमारे २० मुलांचे शिबिर भरले. धनिकांच्या शाळांतील मुलांकडून प्रत्येकी एक पौंड शुल्क घेतले गेले, तर कामकऱ्यांच्या मुलांकडून साडेतीन शिलिंग, म्हणजे पौंडाचा जवळपास सहावा हिस्सा. तंबूत मात्र दोन्ही वर्गांची मुले एकाच संघात होती. तरीही हिशेब तुटीचाच निघाला. ती तूट एका पालकाने भरून काढली. स्काऊट चळवळीचा आरंभ असा झाला.

शिबिर भरविणारे रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन येथे झाला. वयाच्या तिसऱ्या वर्षीच पितृछत्र हरपले; आईने मुलांना वाढविले. १८७६ मध्ये ते घोडदळाचे अधिकारी म्हणून भारतात आले. दक्षिण आफ्रिकेतील मेफकिंगचा वेढा त्यांनी २१७ दिवस थोपवून धरला आणि इंग्लंडमध्ये ते घरोघरी पोहोचले. त्या वेढ्यात काळ्या रहिवाशांची उपासमार झाली, हेही इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविलेच पाहिजे.

१९०८ च्या त्यांच्या पुस्तकानंतर गावोगावी पथके उभी राहिली. वर्गणी, स्थानिक समिती आणि बिनपगारी पथकप्रमुख यांच्या बळावरच ती चालत. द्वितीय श्रेणीच्या स्काऊटचे बचत बँकेत किमान सहा पेन्स असावेत, अशी अट होती. दानावर नव्हे, तर स्वतःच्या कष्टावर पथक चालावे, हा त्यामागचा हेतू.

भारतात मात्र १९०९ मध्ये सुरू झालेल्या पथकांत भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. ज्यांना दाराबाहेर ठेवले गेले, त्यांनी आपली पथके स्वतः उभारली. आपल्या समाजाला हा अनुभव नवा नाही. १९३७ च्या भेटीनंतर बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी अनुदार मत मांडले आणि अनेक जण संघटनेबाहेर पडले. ८ जानेवारी १९४१ रोजी केनियात त्यांचे निधन झाले. भारतातील विभागलेल्या संघटना १९५० मध्ये एकत्र आल्या.

मेहकर परिसरातील अनेक पालकांना 'खरी कमाई'चे कार्ड आठवत असेल. कुणाची सायकल पुसावी, कुणाचे अंगण झाडावे, मिळालेली रक्कम कार्डावर लिहून घरमालकाची सही घ्यावी आणि पैसे शाळेत जमा करावेत, असा तो क्रम. कुणी चार आणे देई, कुणी दारातूनच परत पाठवी. कार्ड मात्र शिक्षकांना दाखवावेच लागे, कोरे असले तरी.