मलिक अंबर

मुलांनो, आपली पाथरी आज तालुक्याचे गाव म्हणून ओळखली जाते. पण इतिहासाच्या जुन्या ग्रंथांत तिचे नाव आदराने येते. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे होते, असे फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. त्या घराण्यातला एक मुलगा लढाईत पकडला गेला, बहामनी सुलतानाचा गुलाम झाला आणि पुढे मलिक हसन या नावाने मोठ्या पदाला चढला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० साली निजामशाही स्थापन केली. शंभर वर्षांनी हे राज्य बुडू लागले. तेव्हा त्याला हात देऊन वर काढणारा माणूसही पूर्वीचा गुलामच होता. त्याचे नाव मलिक अंबर.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास हबश देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे लहानपणीचे नाव चापू. घरी फार गरिबी होती. आईवडिलांनीच त्याला विकले, असे सांगतात. त्यानंतर तो या बाजारातून त्या बाजारात विकला गेला. येमेनमधील मोखा बंदर, मग बगदाद. बगदादला मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. हा धनी भला होता. मुलगा हुशार आहे हे पाहून त्याने त्याला लिहावाचायला शिकवले, हिशेब शिकवला आणि अंबर हे नाव दिले. अंबर म्हणजे एक सुगंधी पदार्थ, हे उर्दू शिकणाऱ्या तुम्हांला सांगायला नको. मराठीत मात्र अंबर म्हणजे आकाश. दोन्ही अर्थ त्याला शोभतात.

पुढे त्याला दख्खनमध्ये आणले गेले. येथे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतः हबशी होता आणि एके काळी गुलामच होता. राज्याचा कारभार कसा चालतो, शेतसारा कसा ठरतो, फौज कशी बाळगावी, हे अंबरने त्याच्याजवळ राहून पाहिले. काही वर्षांत चंगीझखान मरण पावला आणि त्याच्या पत्नीने अंबरला मुक्त केले.

आता तो कोणाचाही नव्हता. पाहिजे तेथे जाऊ शकत होता, पाहिजे त्याची चाकरी करू शकत होता. काही काळ त्याने विजापूरला नोकरी केली. तेथेच त्याला मलिक हा किताब मिळाला. पण तो पुन्हा निजामशाहीत परतला, आणि तेही केव्हा, तर मोगलांच्या फौजा अहमदनगरवर चालून येत होत्या तेव्हा! १६०० साली अहमदनगरचा किल्ला पडला. अनेक सरदारांनी मोगलांची चाकरी धरली. अंबरने धरली नाही. त्याने निजामशाही वंशातील एका तरुणाला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले आणि आपण त्याचा वजीर झाला. पुढची सुमारे पंचवीस वर्षे त्याने मोगलांना दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिले नाही. त्याच्या फौजेत हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि हजारो मराठे स्वार होते. मोठ्या फौजेसमोर उभे राहायचे नाही, तिची रसद तोडायची आणि डोंगरात नाहीसे व्हायचे, ही त्याची युद्धाची रीत होती. बादशहा जहांगीर त्याच्यावर इतका चिडला होता की, भाल्यावर लावलेल्या अंबरच्या शिरावर आपण बाण मारतो आहोत, असे चित्र त्याने काढवून घेतले. ते शिर त्याला चित्रातच मिळाले.

१६१० साली अंबरने खडकी या गावी नवी राजधानी वसवली. तेच पुढे औरंगाबाद झाले. २०२३ पासून त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. १६१६ साली मोगलांनी खडकी जाळून टाकली. घरे गेली, बाजार गेला. दुसरा कोणी असता तर त्याने आधी तट बांधला असता. अंबरने पाण्याचे काम हाती घेतले. गावाची मोठी नदी नव्हती. लहानशा खाम नदीवर राजधानीचे भागणार नव्हते. शहराच्या उत्तरेला डोंगर होते. पावसाचे पाणी तेथे जमिनीत मुरते, हे त्याने ओळखले. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली चर खणून त्याने हे झिरपणारे पाणी गोळा केले आणि बांधीव, झाकलेल्या नहरीतून शहरापर्यंत आणले. जमिनीचा उतार पाहूनच नहर खोदली होती. त्यामुळे मोट नको, बैल नको. पाणी आपोआप वाहत येई. वर छत असल्याने ते उन्हाने आटत नसे आणि त्यात घाणही पडत नसे. हवा खेळावी आणि आत उतरून गाळ काढता यावा, म्हणून जागोजागी विहिरीसारखी तोंडे ठेवली होती. शहरात पाणी हौदांत पडे. दरबारातल्या मुल्ला मोहंमद नावाच्या विद्वानाने या बेताची थट्टा केली होती, असे सांगतात. पंधरा महिन्यांत नहर पुरी झाली. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. पुढच्या काळात तिच्या धर्तीवर शहरात आणखी नहरी झाल्या. आपल्या तालुक्यातून वाहणारा जायकवाडीचा डावा कालवा तुम्ही पाहिला आहे. त्याच जायकवाडीचे पाणी संभाजीनगरला चढवायला आज मोठे पंप लागतात.

जमिनीकडेही तो असाच बारकाईने पाही. सारा वसूल करण्याचा मक्ता सावकारांना देण्याची पद्धत त्याने बंद केली. जमीन कसदार की हलकी, पीक किती आले, हे पाहून सारा ठरू लागला. मलिक अंबरची ही पद्धत पुढे महाराष्ट्रात बरीच वर्षे नावाजली गेली.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. जो स्वतः बाजारात विकला गेला होता, त्यानेही आपल्या फौजेसाठी हबशी मुले विकत घेतली. त्यांना शिक्षण दिले, हुद्दे दिले, हे खरे. त्या काळी सगळेच तसे करीत, हेही खरे. तरी एवढ्या शहाण्या माणसाला ही रीत मोडावीशी का वाटली नाही, हा प्रश्न मला हा धडा लिहिताना सारखा पडत होता.

१६२४ साली मोगल आणि आदिलशाही यांच्या फौजा एकत्र होऊन त्याच्यावर आल्या. अंबर तेव्हा पंचाहत्तरीचा होता. अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूची वाट चिखलात बुडवली आणि लढाई जिंकली. शहाजीराजे भोसले या लढाईत त्याच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी तेथेच पडले.

मे १६२६ मध्ये मलिक अंबर मरण पावला. त्यानंतर दहा वर्षांत निजामशाही संपली. तो गेल्यावर मोगलांच्याच इतिहासकाराने त्याच्या कारभाराची आणि युद्धकौशल्याची स्तुती लिहून ठेवली. खुलताबादला दर्ग्याजवळ त्याची कबर आहे. सहलीला गेलात तर ती पाहा, आणि परत येताना शहरातला भडकल दरवाजाही पाहा. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून तो त्यानेच बांधला. नहर-ए-अंबरी पुष्कळ ठिकाणी बुजली आहे, काही ठिकाणी तिच्यावर घरे उभी राहिली आहेत. तरी तिच्या काही भागांत अजून पाणी वाहते.